मीटर काकांच्या नावावर

करंट लागल्याच्या दोन-चार गोष्टी लिहा, वाचकांना मजा येते, असं संपादकांनी फोनवर सांगितलं. करंट मला बऱ्याचदा लागला आहे. त्यात सांगण्यासारखं फार काही नसतं. माणूस फेकला जातो, उठतो, आणि मेन कुणी चालू केला म्हणून पहिली शिवी मदतनीसाला घालतो. चूक बहुधा स्वतःचीच असते. त्यापेक्षा ज्या कामात मला काहीच लागलं नाही आणि लागलं ते दुसऱ्यालाच, त्याबद्दल लिहितो.

मी भिवंडीत यंत्रमागाच्या कारखान्यांची वायरिंग करायचो. बाहेरच्या माणसाला 'कारखाना' म्हटलं की धुराडं दिसतं. आमच्याकडे पत्र्याची शेड, आत सहा-आठ लूम, प्रत्येकाला आपली मोटर, आणि दाराशेजारी लाकडी फळीवर मेन स्विच. आवाज एवढा की आत बोलणं अशक्य. आम्ही हातवाऱ्यांनीच बोलायचो. मूठ वर केली की चालू कर, पंजा उघडला की बंद. घरी गेल्यावरही माझा पंजा उघडायचा, आणि बायको म्हणायची, "मी काय लूम हाय का?"

लूमवर मजुरी कापडावर मिळते. जेवढं विणलं तेवढे पैसे. वीज गेली की कामगार बाहेर बाकावर येऊन बसायचे आणि माझ्याकडे अशा नजरेने बघायचे, जणू वीज माझ्या खिशात आहे. मला ती नजर आवडायची, हे कबूल करतो. वायरमनला या गावात डॉक्टरइतका मान होता.

आता भिवंडीची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. इथे जागा एकाची असते आणि मीटर त्याच्याच नावावर. लूम दुसऱ्याचे. सूत तिसऱ्याचं, म्हणजे व्यापाऱ्याचं, तो सूत देतो आणि कापड नेतो. आणि लूमपुढे उभा राहणारा चौथाच. या चौघांना बांधून ठेवणारी एकच गोष्ट, वीज. ती खेचून आणायचं काम माझं.

सरकार यंत्रमागाला वीज सवलतीत देतं. छोट्या कारखान्याला सवलत जास्त, मोठ्याला कमी. ठरावीक हॉर्सपॉवरच्या आत असाल तर तुम्ही छोटे. नियम वाचला तर कुणालाही पटेल असाच आहे. ज्याने तो लिहिला, त्याचा हेतू चांगलाच असणार, असं मी आजही मानतो.

हेमराजशेठचा कारखाना त्या मर्यादेच्या कितीतरी वर होता. त्यांनी मला बोलावून विचारलं, "वायरमन, हा एक कारखाना चार होईल का?" मी म्हटलं, "भिंती घाला, मी बोर्ड चार करतो." भिंती उभ्या राहिल्या. छातीएवढ्या, वर मोकळ्या, म्हणजे पंख्याचा वारा चारही कारखान्यांना एकच. मीटर चार: शेठ, शेठाणी, थोरला मुलगा आणि शेठच्या सासूबाई. वायरिंग मात्र मी अशी केली की आजही कुणाला दाखवावी. एकही वायर दुसऱ्या गाळ्यात गेलेली नाही, प्रत्येक बोर्ड आरशासारखा.

तपासणीला साहेब आले. चौथ्या गाळ्याच्या मालकीणबाईंना भेटायचं म्हणाले. सासूबाई वरच्या मजल्यावर पाय पसरून बसल्या होत्या. साहेबांनी विचारलं, "माताजी, आपके कितने लूम हैं?"

"मेरे को क्या मालूम, भाई," म्हातारी म्हणाली. "तू घुटने का तेल लाया क्या?"

साहेब हसले, चहा प्यायले, सही करून गेले. ही गोष्ट मी वर्षानुवर्षं चहाच्या टपरीवर सांगत आलो आणि लोक पोट धरून हसत आले. मला तिचं हसू आता येत नाही. हेमराजशेठ वाईट माणूस नव्हते. कामगाराच्या पोरीच्या लग्नात स्वतः जाऊन आहेर करणारे होते. पण नियम छोट्यांसाठी होता, आणि तो नीट वाचायला लागणारा हिशेबनीस, वकील आणि माझ्यासारखा वायरमन मोठ्याकडे होता. त्यामुळे मोठ्याला वाटेल तेव्हा छोटं होता येत होतं. छोटा मात्र आपण छोटे आहोत हे सिद्ध करता करता दमायचा.

असा एक छोटा म्हणजे नरसय्याअण्णा.

अण्णांचे वडील तेलंगणातून लूमवर कामाला आले होते. अण्णाही कामगार म्हणूनच वाढले. मग एक जुना लूम घेतला, मग दुसरा, असे करत सहा झाले. शेड भाड्याची, कोन गावात, आमच्याच सामाईक जमिनीवर. सगळा व्यवहार काका बघायचे, माझे चुलते. शेडच्या मागच्या खोलीत अण्णांची बायको, आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो, भिसी चालवायची. भिसी म्हणजे कामगारांची खानावळ: दोन वेळचं जेवण, पैसे पगार झाल्यावर. एकट्याने आलेल्या परमुलखातल्या माणसाला भिवंडीत घर म्हणून जे काही असतं ते भिसीच.

अण्णांना मीटर स्वतःच्या नावावर हवं होतं. कुणीतरी त्यांना तसं सांगितलं होतं. पण भाडेकरूच्या नावावर मीटर म्हणजे जागामालकाची संमती, भाडेकरार, शपथपत्र. मालकाच्या नावावर अर्ज केला तर काम झटपट. लूम येऊन पडले होते, त्यांच्यावर धूळ बसत होती. मी अण्णांना म्हटलं, "नाव कुणाचंही असू दे, अण्णा. वीज तर तुमच्याच लूमला जाणार."

त्यांना ते पटलं. मलाही पटलेलं होतं. त्या काळात मी हे वाक्य कित्येकांना सांगितलं, आणि सगळी भिवंडी तसंच करत होती.

शेडच्या मागे मी अर्थिंगचा खड्डा खणला. अर्थिंग म्हणजे काय, तर मशीनमध्ये कुठे वीज फुटली तर ती माणसातून न जाता जमिनीत जावी म्हणून केलेली वाट. खोल खड्ड्यात धातूची प्लेट पुरायची, भोवती कोळसा आणि मिठाचे थर द्यायचे, वर पाणी घालायला पाइप ठेवायचा. माती कोरडी पडली की ती वाट बंद होते. म्हणून अण्णांना सांगितलं, "अधूनमधून पाणी घालत जा." आमच्याकडे लूमची सुट्टी शुक्रवारी. अण्णा दर शुक्रवारी बादली घेऊन जायचे.

"तुळशीला कधी घातलं नाय," अक्का माझ्यापुढे तक्रार करायची, "आन् या खड्ड्याला बघा कसं घालतात."

"तुळस मरण थांबवते का?" अण्णा म्हणायचे. "हे थांबवतं. भालूभाऊ बोलले ना."

भालूभाऊ म्हणजे मी.

पहिल्यांदा मेन चालू करायचा मान वायरमनचा. अक्काने मला ओवाळलं, नारळ दिला, आणि लूमवरून उतरलेलं पहिलं कोरं कापड हातात ठेवलं. आमच्यातल्या जुन्या माणसांची एक समजूत आहे: ज्याने जोडलं त्यानेच सोडवावं. दुसऱ्याचा हात लागला तर पुन्हा धंदा उभा राहत नाही. अक्का म्हणाली, "तुम्हाला सोडवायला बोलवायची पाळी न येवो."

बरीच वर्षं ती आली नाही. मग नोटा बदलल्या, तेव्हा व्यापाऱ्याकडे मजुरी द्यायला रोकड नव्हती. मग नवा कर आला; सुताचे भाव आज एक, उद्या एक. मग टाळेबंदीत कामगार चालत गावी गेले. अण्णा यातल्या प्रत्येकातून लंगडत का होईना बाहेर आले. सहाचे चार लूम झाले, पण चालत राहिले.

त्यानंतर ती अट आली. सवलतीची वीज हवी असेल तर कारखान्याची ऑनलाइन नोंदणी करा. त्यातही हेतू चांगलाच होता, म्हणजे खोट्या कारखान्यांना चाप बसावा. हेमराजशेठच्या चारही कारखान्यांची नोंदणी लगेच झाली. कागद एकदम चोख होते, सासूबाई वारल्या होत्या तरी त्यांच्या जागी सूनबाई आल्या होत्या. अण्णांचे लूम खरे, घाम खरा, पण मीटर काकांच्या नावावर.

अण्णा माझ्याकडे आले. हातात बिल होतं, घडी करून करून मऊ झालेलं. "भाऊ, वो मीटरवाले का संमतीपत्र माँगता है. नाय दिलं तर पूर्ण दराने बिल. तेवढा तर मला कापडात सुटत पण नाय. तुम्ही काकांना बोलाल ना? तुमचंच ऐकतील."

मी म्हटलं, "आजच बोलतो."

काका ओटीवर बसले होते. मी सगळं समजावून सांगितलं. एक सही, एवढंच.

"सही केली की कूल लागंल रं," काका म्हणाले. आमच्या गावात ळचा ल होतो. कूळ लागणं म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागणं. "आज संमतीपत्र नेल, उद्या 'माजा कारखाना सरकारी नोंदीन हाय' म्हनून मलाच माज्या जाग्यावं उभा ऱ्हाऊ देनार न्हाय."

"काका, अण्णा तसे नाहीत."

"मानूस तसा नसतोच. कागद त्याला तसा करतं." त्यांनी सुपारी कातरली. "आन् ती गोडाऊनवाली पार्टी येऊन गेली काल. समदी जागा एकदम पायजे, मोकली. तुजा बाप गेला तवा त्याचा वाटा कोनाचा? तुजाच ना? मंग तू कोनाच्या बाजूनं बोलतंस, भाल्या?"

गोडाऊनला तेव्हा तेजी आली होती. हायवे रुंद होत होते, नवा कर आल्यापासून कंपन्यांना देशभर मोठी गोदामं हवी होती, आणि सरकारही त्यांना जमीन, वीज, रस्ता हात जोडून देत होतं. भातखाचरं आणि लूमच्या शेडी सपाट होत होत्या.

त्या ओटीवर माझ्या तोंडात एक वाक्य आलं होतं. आमचे आजोबा ही जमीन कूळ म्हणूनच कसायचे. मालक कल्याणला राहायचा. कसेल त्याची जमीन असा कायदा आला, तलाठ्याच्या कागदावर आजोबांचं नाव चढलं, आणि त्या एका नावावर आमचं घर, काकांची ओटी, माझं शिक्षण सगळं उभं राहिलं. सरकारने एकदा कसणाऱ्याचं नाव लावलं म्हणून आपण माणसात आलो, काका, आता तुम्ही एकाला नाव लावू द्या. एवढंच म्हणायचं होतं. काकांना ते लागलं असतं. ते आजोबांचं नाव काढलं की हळवे होतात.

मी म्हटलं नाही. वाट्याचा विचार आला आणि वाक्य गिळलं. मुलगी बारावीला होती, घराचं कर्ज होतं, ही कारणं मी नंतर जमवली. त्या क्षणी एकच होतं, की जागा मोकळी झाली तर माझंही भलं होणार होतं.

अण्णांना सांगितलं, "काका विचार करतायत."

अण्णा थांबले. माझ्या शब्दावर थांबले. पूर्ण दराची बिलं येत राहिली. कुणी सुचवलं की दुसऱ्याच्या शेडमध्ये लूम हलवा, तर म्हणाले, "भालूभाऊ बोलतायत ना." चारातला एक बंद, मग दुसरा. कामगार कमी झाले तशी भिसीतली पातेली लहान झाली. एकदा जेवायला बसलो तर डाळीत माझं तोंड दिसत होतं. अक्काने पाहिलं की मी पाहिलं. "पाणी नाय वाढवलं," म्हणाली, "डाळच लाजून तळाला बसली."

अक्काला साखरेचा आजार होता. गोळ्या ती एक दिवसाआड घ्यायला लागली, हे आम्हाला नंतर कळलं. पायाला छोटी जखम झाली होती, शेगडीच्या पत्र्याची. ती बरी होईना. शेवटी अंगठा काढावा लागला. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर रागावले, "इतके दिवस काय करत होतात?" अण्णा माझ्याकडे बघत होते. रागाने नव्हे. मी त्यांच्या वतीने काहीतरी उत्तर देईन असं त्यांना वाटलं होतं, कारण मी शिकलेला.

इतक्या वर्षांच्या कामात मला एक कळलं आहे. वायरिंग करताना आम्ही धरूनच चालतो की कुठेतरी चूक होणार, वायर फुटणार. म्हणून आधी अर्थिंग. नियम करणाऱ्यांनी असा खड्डा खणलेला मी पाहिला नाही. चूक झाली की ती ज्याचा हात ओला आहे त्याच्यातून जाते.

शेवटी अण्णांनी मला सोडवायला बोलावलं. भंगारवाले घण घेऊन उभे होते. लूम कुणी लूम म्हणून घेत नव्हतं. बिडाचं वजन होतं, म्हणून तुकडे करून न्यायचे. मी आधी मोटरी सोडवल्या, मग स्टार्टर, मग मेन खाली ओढला. त्या शेडमध्ये मी पहिल्यांदाच माणसांचा नुसता आवाज ऐकला. अण्णांचा आवाज तिथे इतका बारीक येईल असं मला वाटलं नव्हतं.

"भाऊ," ते म्हणाले, "काकांनी विचार केला का?"

मी खरं सांगितलं. काकांनी त्याच दिवशी नाही म्हटलं होतं, आणि मी फार ताणलं नव्हतं. आमचा वाटा आहे तिथे, हेही सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं. मग भंगारवाल्याला म्हणाले, "चलो भाई, शुरू करो."

निघताना अक्का पायाला फडकं गुंडाळलेली, भिंत धरून आली आणि माझ्या हातात कोऱ्या कापडाचा तुकडा ठेवला. शेवटच्या लूमवरून उतरलेला. "सोडवतानाही द्यायचं असतं," म्हणाली. तशी रीत मी कुठे पाहिली नव्हती. मला वाटतं, ती तिने तिथल्या तिथे केली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी धामणकर नाक्यावर चहा पिताना पेपरात वाचलं, की नोंदणीची अट शिथिल झाली आहे. ज्यांची राहिली आहे त्यांनाही सवलत चालू राहील. बातमी चार ओळींची, खाली पंख्याची जाहिरात. मी पेपर घडी करून ठेवला आणि समोर बघतो तर शेअर रिक्षाच्या रांगेत अण्णा. हेमराजशेठकडे घडी खात्यात लागले होते, म्हणजे तयार कापड तपासायचं आणि घड्या घालायच्या. शेठने नवे, धोट्याशिवायचे लूम आणले होते. त्यासाठी वेगळं अनुदान होतं. जिथे दहा माणसं लागायची तिथे दोन पुरत होती, म्हणून अण्णांना लूमवर नाही, घडीवर घेतलं. शेठने ओळखीखातर घेतलं, हे मान्य करायला हवं.

बातमी त्यांना आधीच कळली होती. म्हणाले, "मग थांबायला पायजे होतं का, भाऊ?"

मी म्हटलं, "कुणाला माहीत होतं, अण्णा."

"हां. कुणाला माहीत होतं," ते म्हणाले, आणि रिक्षात चौथे म्हणून बसले.

आता त्या जागेवर गोडाऊन आहे. एवढं मोठं की एका टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस ओळखू येत नाही. मी तिथे इलेक्ट्रिकल सुपरवायझर आहे. जागा आमची म्हणून नोकरी मिळाली. महिन्याच्या महिन्याला पगार, ओळखपत्र, डोक्यावर पांढरं हेल्मेट. काकांनी नवीन घर बांधलं. ओटी तेवढी जुन्यासारखीच ठेवली. माझ्या मुलीचं शिक्षण झालं. मी हे सगळं खातो, पितो, अंगावर घालतो. कुणी विचारलं की लूम का संपले, तर सरकारच्या नावाने बोलायला मला चांगलं येतं, आणि मी बोलतो ते खोटंही नसतं. फक्त त्या बोलण्यात मी कुठे उभा होतो हे येत नाही, ते इथे लिहिलं.

बांधकाम चाललं होतं तेव्हा कंत्राटदाराने मागच्या भिंतीजवळचा अण्णांचा अर्थिंगचा खड्डा बुजवायला घेतला. मी म्हटलं, असू दे, कामाला येईल. कामाला येत नाही. नवं अर्थिंग वेगळंच आहे. जुन्या खड्ड्यातून मशीनकडे जाणारी धातूची पट्टी मी स्वतःच कापली होती, मेन सोडवला त्या दिवशी.

गेल्या दसऱ्याला गोडाऊनमध्ये मशीनची पूजा होती. जुना माणूस म्हणून कुणाला तरी बोलवा, असं मॅनेजर म्हणाले. मी अण्णांना बोलावलं. येतील असं वाटलं नव्हतं. आले, इस्त्रीचा शर्ट घालून. अक्का कशा आहेत विचारलं तर म्हणाले, "चालते भिंत धरून." त्यांच्या हस्ते नारळ फोडला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पेढा खाल्ला, पाण्याची बाटली घेतली, आणि म्हणाले, "भाऊ, आपली शेड कुठपर्यंत होती?"

मी त्यांना मागे नेलं. सगळीकडे गुळगुळीत फरशी, खुणेला काहीच नाही. भिंतीबाहेर मात्र त्यांना पाइपाचं तोंड दिसलं. त्यांनी झाकण उचललं, आत बघितलं.

"सुकलंय," म्हणाले. "तुम्ही घालत नाय का पाणी?"

 अण्णा वाकले, एक हात गुडघ्यावर ठेवून, आणि बाटलीतलं सगळं पाणी हळूहळू पाइपात ओतलं. मातीने ते पिताना आवाज केला.

तो खड्डा आता कशालाच जोडलेला नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.